जोंधळ्याच्या शिवारातील दोन भारीट : गायक पक्ष्यांमधील नैसर्गिक संकराचा इतिहास

प्रस्तावना

सोलापूरहून बार्शीकडे जाणारा रस्ता नान्नज, वडाळा ओलांडून वैरागला येतो. बार्शी तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात वसलेले आहे. शाळूच्या कणसात चीक भरू लागला की चिमणीहून किंचित मोठ्या, पिवळ्या पोटाच्या पक्ष्यांचे थवे उभ्या पिकावर उतरतात आणि गोफणीचा आवाज होताच एकदम उठून बांधावरच्या बाभळीवर जाऊन बसतात. राखण करणारा शेतकरी त्यांना ‘पाखरे’ एवढ्याच नावाने ओळखतो. कणीस वाचविण्यासाठी त्याहून अधिक बारकाव्याची त्याला गरजही नसते. पक्षीविज्ञानाच्या दृष्टीने मात्र या एकाच थव्यात बहुधा दोन जाती वावरत असतात : काळ्या डोक्याचा भारीट आणि लाल डोक्याचा भारीट. पहिल्याचे शास्त्रीय नाव एम्बेरिझा मेलॅनोसेफाला आणि दुसऱ्याचे एम्बेरिझा ब्रुनिसेप्स असे आहे.

या दोन जाती दख्खनच्या पठारावर हिवाळाभर एका शिवारात चरतात, एका झाडावर रात्र काढतात आणि तरीही त्यांच्यात येथे संकर होत नाही, कारण येथे त्यांची वीणच होत नाही. त्यांचा संकर होतो तो वैरागपासून सुमारे तीन हजार किलोमीटर दूर, उत्तर इराणात, कॅस्पियन समुद्राच्या आग्नेयेकडील प्रदेशात. वर्षाचा मोठा भाग भारतात घालविणाऱ्या या पक्ष्यांच्या संकराची गोष्ट भारतातील पक्षीसाहित्यात इतक्या उशिरा आणि इतक्या त्रोटकपणे का आली, हा प्रश्न केवळ पक्षीनिरीक्षकांच्या कुतूहलाचा नाही. एखादी जाती कशी ठरते, ती कोण ठरवितो आणि कोणत्या ऋतूतील, कोणत्या ठिकाणच्या पुराव्यावर ठरवितो, याच्याशी तो निगडित आहे. प्रस्तुत लेखात या ज्ञानाच्या घडणीचा मागोवा घेतला आहे.

दोन जाती आणि त्यांचे वेष

विणीच्या हंगामातील नर समोर असल्यास ओळखीचा प्रश्न उद्भवत नाही. काळ्या डोक्याच्या भारीटाचे मस्तक काळे, पाठ तांबूस-तपकिरी आणि गळ्यापासून खालचे अंग झगझगीत पिवळे असते. लाल डोक्याच्या भारीटाच्या चेहऱ्यापासून छातीपर्यंत विटकरी तांबडा रंग पसरलेला असतो. त्याचीही खालची बाजू पिवळी, परंतु पाठ हिरवट आणि रेघांची असते. पहिली जाती इटली व बाल्कन द्वीपकल्पापासून तुर्कस्तानमार्गे इराणपर्यंत वीण करते, तर दुसरी ईशान्य इराण, तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान आणि कझाकस्तान या मध्य आशियाई पट्ट्यात. हिवाळ्यासाठी दोन्ही जाती प्रामुख्याने भारतीय उपखंडात येतात. इटली किंवा ग्रीसमध्ये अंड्यातून बाहेर पडलेला पक्षी आफ्रिका जवळ असूनही तिकडे न जाता पूर्वेला वळतो आणि हजारो किलोमीटरचे अंतर कापून ज्वारी-बाजरीच्या मुलखात पोहोचतो, ही गोष्ट त्याच्या पूर्वजांच्या प्रसाराची दिशा सुचविते.

माद्यांची कथा वेगळी आहे. दोन्ही जातींच्या माद्या मातकट, फिकट पिवळसर आणि एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की अनुभवी निरीक्षकही शेतात पाहून त्यांची जात खात्रीने सांगण्याचे टाळतो. पहिल्या वर्षाच्या पिल्लांचेही तेच. त्यातच हिवाळ्याच्या आरंभी नरांच्या डोक्यावरील नव्या पिसांना फिकट कडा असतात आणि त्याखाली खरा रंग झाकलेला राहतो. या कडा झिजत जातात तसतसे काळे किंवा तांबडे डोके उघडे पडते. म्हणजे थवे ज्वारीवर सर्वाधिक दिसतात तेव्हा त्यांची ओळख सर्वांत कठीण असते. इतिहासाच्या दृष्टीने ही साधी गोष्ट अतिशय महत्त्वाची ठरली.

मराठीत ‘भारीट’ हे नाव आज रूढ आहे. मूळच्या सोलापूरच्या मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षीकोश’ रचून पक्ष्यांच्या मराठी नावांना जे स्थैर्य दिले, त्याचे ऋण या विषयावर मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला मान्य करावे लागते.

दख्खनच्या नोंदी : पेटीतील पक्षी

दख्खनच्या पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांची. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ नंतर त्यांनी या पठारावर फिरून लोकसंख्या, पिके, हवामान यांची माहिती गोळा केली आणि त्याच ओघात पक्षीही. लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात १८३२ साली त्यांची यादी प्रसिद्ध झाली. त्यात त्यांनी वर्णिलेल्या एका लहान वटवट्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले. या साइक्सच्या वटवट्याचे दैव बोलके आहे : विसाव्या शतकात बराच काळ त्याला दुसऱ्या एका जातीची उपजाती मानले गेले आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी तो पुन्हा स्वतंत्र जाती ठरला. पक्षी तोच, बाभळीची झुडपे तीच. बदलत गेली ती जातीची व्याख्या.

थॉमस जर्डन यांचा भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात आला. त्यानंतर ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षीविषयक नियतकालिक सुरू केले. मुलकी अधिकारी, रेल्वेचे अभियंते, लष्करी डॉक्टर असे शेकडो हौशी संग्राहक त्यांना कातडी भरून पाठवीत असत. याच नियतकालिकात १८७८ साली डेव्हिडसन आणि वेंडेन यांचा दख्खनच्या पक्ष्यांवरील दीर्घ लेख छापला गेला. ते वर्ष ध्यानात घेण्यासारखे आहे. १८७६ ते १८७८ या महादुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला होता. ज्या मुलखात माणसांना जोंधळा मिळेना, त्याच मुलखात जोंधळ्यावर जगणाऱ्या पक्ष्यांची सूची पूर्ण होत होती, हा वसाहतकालीन ज्ञानव्यवहाराचा एक विषण्ण करणारा योगायोग म्हणावा लागेल.

ह्यूम यांनी आपला अफाट संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले आणि ह्यूम यांचे नाव इतिहासात दुसऱ्याच कारणाने नोंदले गेले. भारताच्या शिवारांतून जमविलेले पक्षी मात्र लंडनच्या कपाटांत गेले आणि पुढील अर्धशतक त्यांच्या जातींचे निवाडे प्रामुख्याने तेथेच झाले.

या निवाड्यांची पद्धत समजून घेतली पाहिजे. एक नमुना हा एका जातीचा प्रतिनिधी, आणि ज्याचे वर्णन आधी छापले गेले त्याचे नाव ग्राह्य, अशी ही पद्धत होती. काळ्या डोक्याच्या भारीटाला स्कोपोलीने १७६९ मध्ये नाव दिले व ते टिकले. लाल डोक्याच्या भारीटाला मात्र एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांत ‘ल्युटिओला’ आणि ‘इक्टेरिका’ अशी नावे आढळतात. अखेर सेंट पीटर्सबर्गच्या ब्रांट यांनी १८४१ मध्ये दिलेले ‘ब्रुनिसेप्स’ हे नाव स्थिर झाले. नावांच्या या घोळात दोन जाती वेगळ्या आहेत की नाहीत, असा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. कोणते नाव खरे, एवढाच विचारला गेला. मधल्या रूपाचा एखादा पक्षी पेटीत आलाच, तर त्याला अर्धवट रंग फुटलेला तरुण नर मानणे सोपे होते, आणि हिवाळी पिसाऱ्यातील नमुन्याबाबत तसे मानण्यात काही गैरही नव्हते.

याला राजकीय सीमेचीही जोड मिळाली. बार्शी तालुका इंग्रजी अमलाखालील सोलापूर जिल्ह्यात होता. त्याच्या शेजारी उस्मानाबादचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा, मुलूख निजामाचा होता. त्यामुळे एका माळाच्या दोन बाजूंचे पक्षी वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हातांनी नोंदले गेले. निजामाच्या राज्याचे पक्षीसर्वेक्षण सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये केले आणि त्याचे वृत्तांत ह्यू व्हिस्लर यांच्या टिपणांसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून आले. सालिम अलींनी जिवंत पक्षी, त्याचे अन्न, त्याचा अधिवास यांवर भर देऊन पेटीतला पक्षी पुन्हा शिवारात आणला. तरीही संकराचा शोध लागण्यासारखी जागा हे शिवार नव्हते.

उत्तर इराणातील भेट

तो शोध विणीच्या प्रदेशातच लागणे शक्य होते. डॅनिश शास्त्रीय संशोधन मोहिमेच्या ग्रंथमालेत क्नुड पालुदान यांचा इराणच्या पक्ष्यांवरील अभ्यास १९४० मध्ये प्रसिद्ध झाला आणि या दोन भारीटांच्या संमिश्र रूपांकडे जीवशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले. वेळही नेमकी होती. अर्न्स्ट मायर यांचा ‘सिस्टिमॅटिक्स अँड द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ १९४२ मध्ये आला. आपापसांत प्रजनन करणारा आणि इतर समूहांपासून प्रजननदृष्ट्या अलग असलेला समूह म्हणजे जाती, ही त्यातील व्याख्या पुढे सर्वत्र शिकविली गेली. महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत ती आजही प्रथम येते. या व्याख्येला भारीटांनी अडचणीत टाकले. रंगाने, पाठीच्या ठेवणीने, प्रदेशाने वेगळ्या असणाऱ्या दोन जाती एका पट्ट्यात खुशाल जोड्या जमवीत होत्या. काही वर्गीकरणतज्ज्ञांनी त्यांना एकाच जातीची दोन रूपे मानले. बहुतेकांनी दोन जाती कायम ठेवून त्यांना मिळून ‘महाजाती’ म्हटले.

या पट्ट्याचा पद्धतशीर विचार युर्गेन हाफर यांनी केला. हाफर (१९३२-२०१०) व्यवसायाने तेल-भूवैज्ञानिक होते. अॅमेझॉनच्या जंगलातील पक्ष्यांच्या जाती हिमयुगीन कोरड्या काळात जंगलाचे तुकडे पडल्याने निर्माण झाल्या, हा त्यांचा १९६९ चा सिद्धांत गाजला आणि नंतर त्यावर टीकाही पुष्कळ झाली. उत्तर इराणातील पक्ष्यांच्या दुय्यम संपर्कक्षेत्रांवरील त्यांचा प्रबंध १९७७ मध्ये बॉन येथून प्रसिद्ध झाला. दुय्यम संपर्क म्हणजे आधी ताटातूट झालेल्या दोन समूहांची पुन्हा गाठ पडणे. हिमयुगात एक समूह पश्चिमेकडे आणि दुसरा पूर्वेकडे अडकून पडला. दोघांचे रंग, आवाज वेगळे होत गेले. हवामान निवळल्यावर दोघे पसरले आणि कॅस्पियनच्या काठी समोरासमोर आले. ताटातूट पुरेशी लांबली असेल तर ते एकमेकांना ओळखत नाहीत. पुरेशी लांबली नसेल तर संकर होतो. भारीटांच्या बाबतीत तेथे मूळ रूपांचे आणि मिश्र रूपांचे पक्षी एका प्रदेशात आढळतात : डोक्यावर काळे आणि तांबडे मिसळलेले, पाठीवर दोहोंच्या मधला रंग असणारे नर. भारीट हा घनदाट अरण्याचा नव्हे, तर मोकळ्या, झुडपी जमिनीचा आणि शेतीचा पक्षी. त्यामुळे जंगलतोड आणि शेतीचा विस्तार यांनी या भेटीला हातभार लावला असावा, हे अनुमान सयुक्तिक वाटते.

इराणची भूमी अशा परीक्षांसाठी जणू मुद्दाम मांडलेली आहे. तेथेच गप्पीदास कुळातील दोन जातींचा संकर कॅस्पियनच्या परिसरात होतो. उलट खडकांवर राहणाऱ्या दोन शिलींध्री जाती तेथे शेजारी-शेजारी राहूनही संकर करीत नाहीत. जेथे त्या एकत्र राहतात तेथे त्यांच्या चोचीतला व डोळ्यावरील पट्ट्यातला फरक अधिक ठळक असल्याचे चार्ल्स व्हॉरी यांनी दाखविले आणि १९५६ मध्ये ब्राऊन व विल्सन यांनी त्यावरून ‘लक्षण-विस्थापना’ची कल्पना मांडली. तीवर पुढे पीटर ग्रँट यांनी आक्षेपही घेतले. एकाच डोंगररांगेत एका जोडीने सीमा पुसली आणि दुसरीने ती राखली. म्हणून केवळ भौगोलिक सान्निध्याने संकराचे स्पष्टीकरण होत नाही.

इतरत्रही अशी उदाहरणे आहेत. भारतीय उपखंडातील लालबुड्या आणि पांढऱ्या गालाच्या बुलबुलांच्या संकरावर सिब्ली आणि शॉर्ट यांचा लेख १९५९ मध्ये ‘आयबिस’मध्ये आला. इटलीतील चिमणी ही घरचिमणी व स्पॅनिश चिमणी यांच्या संकरातून उगम पावलेली जाती असल्याचे २०११ मध्ये जनुकीय पुराव्याने दाखविले गेले. भारीटांच्याच प्रजातीतील युरोपीय पिवळा भारीट आणि सायबेरियाचा पाइन भारीट दिसायला अगदी भिन्न. परंतु त्यांच्या तंतुकणिकांतील डीएनए जवळजवळ सारखा असल्याचे २००९ च्या अभ्यासातून पुढे आले. म्हणजे संकरातून एका जातीचा मातृवारसा दुसरीत शिरला आणि पिसांवर त्याची खूणही उरली नाही. पक्ष्यांच्या सुमारे दहा टक्के जातींत निसर्गात संकर घडल्याची नोंद आहे, असे पीटर व रोझमेरी ग्रँट यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले होते. संकर हा निसर्गातील अपघात आहे, या जुन्या समजुतीला तेव्हापासून आधार राहिला नाही.

‘संकर’ या शब्दाचे ओझे

मराठीत हा विषय मांडताना एक अडचण भाषेचीच आहे. ‘संकर’ या शब्दाला धर्मशास्त्रातील वर्णसंकराच्या कल्पनेपासून दोषाचा वास चिकटलेला आहे. मिसळण म्हणजे भेसळ, आणि भेसळ म्हणजे कस गेलेला, हे समीकरण भाषेत खोल रुतले आहे. सोलापूरच्या ग्रामीण भागात त्याला आणखी एक पदर आहे. सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण १९६४ मध्ये प्रसारित झाले आणि ‘हायब्रीड’ हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी बसला. उत्पन्न वाढले, पण भाकरीला चव नाही आणि कडब्याला कस नाही, अशी तक्रार राहिली. रब्बीसाठी मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडलेली मालदांडी ३५-१ च या भागाने मानली. पुढे ‘हायब्रीड’ हे विशेषण माणसांनाही लावले जाऊ लागले, ते काही स्तुतीने नव्हे.

वस्तुतः ज्वारीचा संकर आणि भारीटाचा संकर यांत मूलभूत अंतर आहे. पहिल्यात माणूस निवड करतो आणि दरवर्षी बियाणे नव्याने तयार करावे लागते. दुसऱ्यात निवड मादी करते, आणि तिची संतती पुढे वीण करू शकली तर जनुकांचा प्रवाह दोन्ही दिशांनी पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतो. मूळ जाती शुद्ध आणि संकरज अशुद्ध, ही भाषा येथे निरर्थक ठरते. कारण आज ‘शुद्ध’ दिसणाऱ्या पक्ष्यातही जुन्या संकराचा अंश असू शकतो.

हाल्डेनचा नियम आणि न ओळखता येणारी मादी

संकराची फलश्रुती जाणण्यासाठी एक कसोटी उपलब्ध आहे. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ मध्ये असे निरीक्षण मांडले की दोन जातींच्या संकरातील संततीत एखादे लिंग अनुपस्थित, दुर्मीळ किंवा वंध्य असेल, तर ते भिन्न लिंगगुणसूत्रे असणारे लिंग असते. सस्तन प्राण्यांत ते नर, पक्ष्यांत मादी. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. त्यांचा नियम भारीटांना लावायचा झाल्यास संकरज माद्या किती जगतात आणि त्यांची अंडी उबतात की नाही, हे पाहावे लागते. परंतु मूळ जातींच्या माद्याच जेथे एकमेकींपासून ओळखू येत नाहीत, तेथे संकरज मादी डोळ्यांनी ओळखणे जवळजवळ अशक्य. परिणामी शतकभराचे क्षेत्रीय निरीक्षण नरांच्या डोक्यांवर आधारलेले राहिले, आणि ज्या लिंगावर संकराची खरी किंमत पडण्याची शक्यता, ते निरीक्षणाबाहेर राहिले. आता रक्ताच्या थेंबावरून जनुकीय तपासणी शक्य असल्याने ही उणीव भरून काढता येते.

वैरागच्या शिवारातील थवे

हिवाळी थव्यांत दोन जाती एकत्र असूनही जोड्या का जमत नाहीत, याचे उत्तर भारतीय प्रयोगशाळांनीच दिले आहे. बनारस हिंदू विद्यापीठात आणि पुढे मेरठ व लखनौ येथे या भारीटांवर गेली अनेक दशके संशोधन झाले. दिवसाची लांबी वाढली की पक्ष्याच्या अंगावर चरबी चढते, रात्रीची अस्वस्थता सुरू होते आणि जननग्रंथी वाढू लागतात. लहान दिवसांत हे घडत नाही. डिसेंबरच्या वैरागात सुमारे अकरा तासांचा दिवस असतो. त्या काळात भारीट हा केवळ खाणारा पक्षी असतो, विणीचा नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये दिवस वाढतो तेव्हा थवे वायव्येकडे निघतात आणि जोडीदाराची निवड दूरच्या झुडपांवर, गाण्याच्या साक्षीने होते.

दोन्ही जाती हिवाळ्यात प्रामुख्याने भारतातच येत असल्याने कॅस्पियनकाठचे संकरज पक्षीही भारतातच उतरत असले पाहिजेत. कोणत्या पट्ट्यात, किती, आणि मूळ जातींच्या थव्यांत मिसळून की वेगळे, हे शोधण्यास सोलापूर जिल्ह्यासारखी सोयीची जागा थोडी. नान्नज परिसर माळढोकमुळे १९७९ मध्ये अभयारण्यात आला. आरंभी ८,४९६ चौ. कि.मी. असलेले हे क्षेत्र २०१२ मध्ये सुमारे १,२२२ चौ. कि.मी. इतके करण्यात आले. माळढोकावर दृष्टी खिळलेली असल्याने त्याच माळालगतच्या ज्वारीतील लहान पक्ष्यांकडे तुलनेने दुर्लक्ष झाले, हे समजण्यासारखे आहे.

दरम्यान शिवारही बदलले. उजनीचे पाणी आल्यावर जिल्ह्यात ऊस पसरला, नान्नज-वैराग पट्ट्यात द्राक्षबागा उभ्या राहिल्या, खरिपात सोयाबीन आले आणि ज्वारीखालील क्षेत्र आटत गेले. भारीटांना कणसे हवीत. ऊस त्यांच्या उपयोगाचा नाही. ज्वारीची मोजकी रानेच उरतात तेव्हा थवे त्यांवर एकवटतात, उरलेल्या शेतकऱ्याचे नुकसान वाढते आणि तोही पुढच्या वर्षी ज्वारी सोडतो. राखणीला माणूस मिळत नाही, ही तक्रार या भागात सार्वत्रिक आहे.

निरीक्षणाच्या दृष्टीने योग्य काळ फेब्रुवारी अखेर ते मार्च हाच. तोपर्यंत नरांच्या पिसांच्या कडा झिजून डोक्याचा रंग उघडा पडतो, आणि काळ्या-तांबड्या मिश्रणाचा एखादा नर असल्यास तो नजरेस येऊ शकतो. मात्र त्याच सुमारास शाळूची काढणी होते, कणसे खुडली जातात, कडब्याच्या गंजी रचल्या जातात. माळे मोडले जातात आणि गोफणी घरी जातात. थवे काही आठवडे सडांत सांडलेले दाणे टिपतात, आणि ज्या दिवसांत त्यांची डोकी ओळखू येऊ लागतात, त्या दिवसांत रानात त्यांच्याकडे पाहणारे कोणी नसते.